भाऊबीज ते भाऊबीज

॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

नरसिंहपूर, ता. इंदापूर
२९ ऑक्टोबर २०२३

चि. आनंद यास सुधाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की माझा फोन मुका झालाय. दसऱ्याला आपण बोललो, एकमेकांना सोनं दिलं-घेतलं म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सईला नाशिकला फोन लावायला गेले तर लेकीऐवजी कुणी बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि तिनंच फोन ठेवला. पुन्हा लावला तर पुन्हा तीच. तुला लावला तरी तीच. मला वाटलं सणाची गर्दी असेल, दोन दिवसांनी सुटेल. सुटली नाही.

आता मला एक सांग. गेल्या भाऊबीजेला तू ताटात पाकीट न ठेवता माझ्या फोनमध्ये वर्षभराचा रिचार्ज घातलास आणि मोठ्या ऐटीत म्हणालास की ताई, या भाऊबीजेपासून पुढच्या भाऊबीजेपर्यंत तुला फोनकडे बघायला नको, ही तुझी ओवाळणी. मी चार घरी सांगत सुटले की माझ्या भावानं वर्षभराचं बोलणं ओवाळणीत घातलं. भाऊबीज अजून यायचीय. मग माझं बोलणं मध्येच कुठं गेलं? दसऱ्याच्या आधी कंपनीचे इंग्रजी निरोप रोज येत होते खरे. सणाच्या जाहिराती असतील म्हणून मी ते पुसून टाकले.

हे म्हणतात की आनंदनंच बंद केला असेल. यांना ऐकू कमी येतं, पण संशय बरोबर येतो. धोंड्याच्या महिन्यात तुम्ही आम्हाला जेवायला बोलावलंत, बाबांच्या मागं तू जावयाचा मान राखून यांना तेहेतीस अनारशांचं वाण दिलंस, आणि यांनी काय करावं? पहिलाच अनारसा ताटावर वाजवून बघितला आणि दात पडला तर तोही वाणात मोजायचा का असं विचारलं. सारजा हसली, पण ते हसू मला काही बरं वाटलं नव्हतं. तिनं मनाला लावून घेतलं असेल तर मोकळेपणानं लिही. यांची थट्टा म्हणजे अशीच, आगापिछा नसलेली. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे.

उत्तर पत्रानंच धाड, दुसरी सोय नाही. लोभ आहे तो वाढावा, आणि मध्येच थांबणार असेल तर आधी कळवावं.

तुझी,
सुधाताई

॥ श्री ॥

बारामती
२ नोव्हेंबर २०२३

ती. सुधाताईस आनंदचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बारामतीत हल्ली पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं, त्यामुळे पोस्टमननं ते माझ्या हातात देताना फार सहानुभूतीनं पाहिलं. अक्षर तुझं दिसल्यावर मी आधी पायरीवर बसलो आणि मग फोडलं. असलं काही लिहायचं झालं तर पाकिटावरच ‘सगळे खुशाल’ असं लिहीत जा.

ताई, मी काहीही बंद केलेलं नाही. सारजाच्याही मनात काही नाही. दाजींचा तो विनोद ती आता स्वतःच माहेरी सांगते. उलट मीच गोंधळलोय. कोजागरीला मी तुला फोन केला तेव्हा चांगली घंटी वाजत होती. तू उचलला नाहीस. मी म्हटलं, ताई देवळात दुधाला गेली असेल, आली की करेल. तू केला नाहीस. दुसऱ्या दिवशी मला वाटलं की दसऱ्याला मी घाईत फोन ठेवला त्याचा तुला राग आला. आज लावला तर घंटीसुद्धा नाही, तुझी ती बाई माझ्याकडेही आली.

म्हणून फिरोजकडे गेलो. रसूलभाईंचं घड्याळांचं दुकान होतं ना, तिथं आता त्यांच्या मुलानं मोबाईलचं दुकान टाकलंय. माझाच विद्यार्थी, भूगोलात कच्चा. त्यानं मला बसवून सगळं समजावलं आणि समजावल्यावर मला आधीपेक्षा कमी कळलं. तो म्हणाला की सर, फोनचे दोन प्रकार. एकात आधी वापरायचं आणि मग बिल यायचं, तिथं सह्या, कागद, सगळं. दुसऱ्यात आधी पैसे भरायचे आणि मग बोलायचं. ह्यात करार-बिरार काय न्हाय, कंपनी तुमाला बांधील न्हाय, तुमी कंपनीला न्हाय, मुदत हाय तवर बोला, संपली की इषय संपला. मी विचारलं की संपताना कुणी घरी येऊन सांगतं का, आपल्या जुन्या फोनला लाइनमन यायचा तसा. तो हसला. निरोप येतात म्हणाला, ते वाचायचे असतात.

पुढे म्हणाला की मुदत संपली की आधी जाणारा फोन बंद होतो, येणारा काही दिवस चालतो, मग तोही जातो, आणि फारच दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर नंबर दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकतात. शिवाय कंपनीचा महिना म्हणजे अठ्ठावीस दिवस. मी म्हटलं, अरे, हा हिशेब फेब्रुवारीचा, बाकीचे अकरा महिने कुठं गेले? तर म्हणे सर, वर्षात तेरा बसतात. याच कटकटीला कंटाळून मी तुला अख्ख्या वर्षाचा घातला होता, ते त्याला सांगितलं. भाऊबीज ते भाऊबीज. तो म्हणाला, मग भाऊबीज कवा हाय? मी म्हटलं, अजून झाली नाही. मग काळजीच न्हाय सर, म्हणाला, मुदत असणारच. त्याच्या यंत्रावर तुझी तारीख बघू म्हटलं तर त्यासाठी तुझ्या फोनवर येणारा आकडा लागतो, आणि तुझा फोन तर बंद. त्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला.

तेव्हा मुदत आहे, हे नक्की. दोष फोनमध्ये असणार. तू कुठलं तरी बटण दाबलं असशील. आतलं कार्ड काढून कोरड्या फडक्यानं पूस आणि पुन्हा घाल. तरी नाही झालं तर भाऊबीजेला येताना फोन घेऊन ये, फिरोज बघेल. दाजींना नमस्कार. माझ्याकडून लोभाला मुदत नाही, खात्री असावी.

तुझा,
आनंद

॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

नरसिंहपूर
६ नोव्हेंबर २०२३

चि. आनंद यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. पाकिटावर ‘सगळे खुशाल’ लिहिलेलं नाही, कारण मी खुशाल नाही.

मी कुठलंही बटण दाबलेलं नाही. कार्ड पुसलं, फुंकलं, देवापुढेही ठेवलं. काल इंदापूरच्या बाजाराला गेले तेव्हा तिथल्या दुकानात दाखवलं. तिथल्या माणसानं फोन उघडलासुद्धा नाही. माझ्याच फोनवरून एक नंबर लावला, त्या इंग्रजी बाईचं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, मावशे, फोनला काय धाड भरलीय, पलान संपलाय, रिचार्ज मारा. मी म्हटलं, भाऊबीजेपर्यंत आहे. तो म्हणाला, मावशे, ही बाई तर संपला म्हणूनच सांगतीया. आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसाकडे वळला. भर बाजारात मला कसंसंच झालं.

आता तू मास्तर आहेस, तूच सोडव. भाऊबीज आली नाही आणि प्लॅन संपला. म्हणजे तू घातलास तो वर्षाचा नव्हताच. कमी मुदतीचा घातलास आणि तोंडानं वर्षाचा म्हणालास, किंवा वर्षाचा घालून पुढे कधीतरी बंद करायला सांगितलंस. तिसरं काही मला सुचत नाही, रात्रंदिवस डोकं चालवलं. फिरोजचं वाक्य तूच लिहून धाडलंस, करार नाही, कुणी कुणाला बांधील नाही. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबरच आहे. भावानं बहिणीला वर्षानुवर्षं घालावं असा कुठं कागद आहे?

तो इंदापूरचा माणूस तिथल्या तिथं रिचार्ज मारायला तयार होता. शेजारच्या गुरवांच्या फोनवरून सईला कळवलं तर तीही लगेच करते म्हणाली. दोघांनाही मी खबरदार म्हटलं, आणि सईला मामाला काही सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मला फोन नको असं नाही रे. पण ती माझी ओवाळणी आहे. ओवाळणी कुणी स्वतःच्या हातानं स्वतःच्या ताटात घालून घेतं का? तूही आता गुरवांकडे फोन करून निरोप ठेवू नकोस. रुसवा आपल्या दोघांतला आहे, तो गावात कशाला?

या वर्षी मी बारामतीला येणार नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, आपल्या आत्या ओवाळायच्या ते तुला आठवत असेल. मीही संगमाच्या पायऱ्यांवर जाऊन चंद्राला ओवाळीन. हे लिहिताना मला रडू येतंय, ते लपवत नाही. फोन बंद करून देवघराच्या खणात ठेवलाय. नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर कंपनीनं खुशाल द्यावा.

मुलांना आशीर्वाद. लोभाचं काय ते तुझं तू ठरव.

सुधा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

बारामती
१० नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशी

ती. वन्संना सारजाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊ-बहिणीच्या मध्ये मी कधी तोंड घालत नाही, पण आता माझा अनारसाच मध्ये आलाय म्हणून लिहिते. हात पिठाचे आहेत, कागदाला डाग पडला तर समजून घ्या.

तुमचं परवाचं पत्र वाचून हे जेवले नाहीत. चंद्राचं वाचलं आणि पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाले की मी वर्षाचाच घातला होता गं, खोटं नाही बोललो. मग कपाटातून गेल्या वर्षीचे सगळे कागद काढून बसले. काही सापडलं नाही. फिरोजकडे दोनदा जाऊन आले. तो बिचारा तेच तेच सांगतो, आणि हे तेच तेच विचारतात.

आज मी अनारशाचं पीठ मळायला घेतलं. तांदूळ भिजत घालताना मनात होतंच की या वर्षी आपण हे दुसऱ्यांदा करतोय, दाजींच्या दातांची आठवण येत होती. आणि एकदम डोक्यात आलं. दुसऱ्यांदा का? एरवी मी अनारसे दिवाळीलाच करते. या वर्षी आधी केले ते धोंड्याच्या महिन्यासाठी. श्रावण दोनदा आला ना! मी तशीच उठले आणि यांना म्हटलं, अहो, तुमच्या कंपनीला धोंडा ठाऊक आहे का?

हे भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून बोटांवर मोजायला लागले. वन्सं, आपलं वर्ष यंदा तेरा महिन्यांचं. दसरा-दिवाळी सगळं पुढं सरकलं. भाऊबीज ते भाऊबीज मोजली तर वर्षापेक्षा वीसेक दिवस जास्त होतात. कंपनीनं इंग्रजी वर्ष मोजलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं. तिनं काही खोटं केलं नाही, यांनी नाही आणि तुम्हीही नाही. जन्मभर पोरांना पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते शिकवणारा माणूस, ज्या महिन्यात स्वतः जावयाला वाण दिलं तोच महिना मोजायला विसरला. फिरोजला जाऊन सांगितलं तर तो म्हणाला की सर, आमची ईद दरसाल मागं मागं येती, तुमची दिवाळी कवा म्होरं कवा मागं, मी आपली कंपनीची तारीख बघतो. लोक म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना, तसं झालं बघा.

यांनी तिथंच उभ्या उभ्या तुमच्या फोनला पुन्हा वर्षाचा रिचार्ज घातला. घरी येऊन पुन्हा एकदा घातला, पहिला पोचला की नाही ही शंका. आता दोन वर्षं झाली की एकावर एक गेलं, ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून फोन लावतायत, पण तुमचा बंद. खणातून बाहेर काढाल तर सुरू होईल ना? गुरवांकडे करू का म्हटलं, तर म्हणाले, नको, ताईनं बजावलंय. आणि आता तिच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ, तिनं भाऊ नाही असं लिहिलंय.

मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे भाऊबीजेला भावानंच बहिणीकडे जायचं असतं, आपण इतकी वर्षं त्यांनाच यायला लावलं. त्यावर यांनी उशीखालचं पत्र काढून पुन्हा वाचलं. मी स्वतः आले असते हो, पण त्या दिवशी माझा भाऊ मल्हार पिंपळीहून ओवाळून घ्यायला येतो. पोस्टात सांगितलं की मध्ये रविवार आणि पाडव्याची सुट्टी, पत्र कधी पोचेल त्याचा भरवसा नाही. आधी हे पत्र पोचावं आणि मग चंद्र उगवावा, एवढंच नृसिंहाला सांगणं आहे.

तुमच्या लोभाची वाट बघणारी,
सारजा

ता. क. या खेपेचे अनारसे मऊ झालेत. दाजींना सांगा.

॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

नरसिंहपूर
१७ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. सारजा हिस सुधाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. पिठाचा डाग मात्र जसाच्या तसा आहे. तुझा नवरा घरी आल्यावर त्यानं तुला अर्धंच सांगितलं असणार, म्हणून उरलेलं मी लिहिते.

भाऊबीजेला दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही. हे दोनदा म्हणाले की चल, बारामतीला जाऊ, मी ऐकू न आल्यासारखं केलं, त्यांच्याकडूनच शिकले. दिवेलागणीला ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं. बीजेची कोर फार वेळ राहत नाही, म्हणून घाईनं संगमाच्या पायऱ्यांवर गेले. पाण्यापलीकडे ती दिसत होती, नखाएवढी. मी ताट उचललं. जिवंत भाऊ असताना मी हे काय करतेय असं मनात आलं. तरी हट्टानं एकदा ओवाळलं. दुसऱ्यांदा हात फिरवणार तोच वर रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला, त्यावर ही मोठमोठी गाणी लागलेली, आणि त्या गाण्यांवर ताण करून कुणीतरी ताई, ताई म्हणून ओरडत होतं.

सारजा, इंदापूरला शेवटची गाडी चुकली म्हणून तुझा निवृत्त मुख्याध्यापक नवरा ट्रॅक्टरवर, चालकाच्या शेजारी चाकाच्या पत्र्यावर बसून आला. मांडीवर अनारशांचा डबा, डोक्यात उसाची पाचट. ट्रॅक्टरवाल्याला त्यानं वाटेत सगळं सांगितलं होतं, कारण तो खाली उतरून मला म्हणाला, आक्का, सरांची चूक न्हाय, धोंड्याची हाय. मला काही म्हणजे काहीच कळलं नाही. चंद्रासमोर ताट धरून मी उभी, आणि हे दोघं मला अधिक श्रावण समजावतायत. तीनदा सांगितल्यावर ध्यानात आलं. मग मी पायरीवर बसून रडले आणि तुझा नवरा माझ्याहून जास्त रडला. ट्रॅक्टरवाल्यानं तेवढ्यात गाणी बंद केली, शहाणा माणूस.

तिथंच पायरीवर बसवून त्याला ओवाळलं. निरांजन तेच, चंद्राचं. ताटात घालायला खिसे चाचपले तर त्याच्याकडे काही नव्हतं, रिचार्ज तर आधीच जाऊन बसलेला. शेवटी त्यानं त्याचा फोनच ताटात ठेवला, पैसे पोचल्याचा निरोप वर दिसेल असा. मला हसू आवरेना. घरी आल्यावर माझा फोन खणातून काढून लावला, तर तो थरथरत सुटला. तुझ्या नवऱ्यानं किती वेळा लावला होता त्याचे निरोप एकामागून एक यायला लागले, ते थांबेनातच. मी तो हातात धरून बसले. मग त्यानं पुढच्या खोलीतून मला फोन लावला, लागतो की नाही बघायला. मी घेतला. ऐकू येतंय का, येतंय, एवढंच बोलून आम्ही ठेवला. पंधरा दिवस पत्रांतून इतके भांडलो, आणि फोन लागला तर बोलायला काही सुचेना.

मुदत आता कधी संपणार ते आम्हाला दोघांनाही नीट कळलेलं नाही. पुढची दिवाळी लवकर येतेय की उशिरा, यावर तो आणि हे रात्री बराच वेळ वाद घालत होते. यांना निम्मं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे वाद चांगला रंगला. मी त्याला सांगितलंय की कंपनीत काय घालायचं ते घाल, नाहीतर घालू नकोस, पण भाऊबीजेला तू यायचंस. कंपनीला विचारायचं नाही. त्यानं मान डोलावली, सही कशावरच केलेली नाही.

चंद्राला मात्र मी अर्धवटच सोडलं, ते मनाला लागलं होतं. काल अंगणातून कोर दिसली तेव्हा हात जोडून सांगितलं की बाबा रे, रागावू नकोस, मला भाऊ आहे. तोही दर महिन्याला बंद पडतो आणि आपला आपण सुरू होतो, त्याला समजेल.

यांनी तुझे चार अनारसे खाल्ले. एकही ताटावर वाजवला नाही. पाचवा खिशात घालून देवळात गेले.

लोभ आहेच. कधी संपल्यासारखा वाटला, तर आधी धोंडा मोजून बघावा.

तुझी,
सुधाताई